हाक येण्याआधी

(विहाराच्या वर्धापनदिन समारंभात एका निवृत्त आरोग्यसेविकेने केलेल्या भाषणाचा मजकूर)



आठ दिवसांपूर्वी आपल्या चिटणीसांचा मला निरोप आला की, “बाई, वर्धापनदिनाला तुम्ही समाजसेवा या विषयावर बोला.” मी म्हटलं, समाजसेवेवर बोलायला मोठी माणसं पुष्कळ आहेत. मी आयुष्यभर खांद्याला पिशवी लावून वाड्या-वस्त्या फिरले, लहान पोरांना लस टोचली, बाळंतिणींच्या घरी गेले, विहिरीत टीसीएल पावडर टाकली. त्याबद्दल सरकारने मला पगार दिला. तेव्हा ती सेवा नव्हती, ती नोकरी होती. पण नोकरी संपल्यावर मला एक गोष्ट कळली. ती उशिरा कळली आणि थोडी लाज वाटावी अशा तऱ्हेने कळली. तीच आज तुमच्यापुढे ठेवते.

आधी आपल्या जिल्ह्याबद्दल थोडे. पूर्वीचा कुलाबा, १ जानेवारी १९८१ पासून रायगड. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला सह्याद्री, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत आपण. महाबळेश्वरच्या डोंगरात पाऊस कोसळला की त्याचे पाणी सावित्रीतून आपल्या दाराशी येते. त्याच वेळी बाणकोटच्या खाडीतून भरती आत आली, तर त्या पाण्याला बाहेर जायला वाट उरत नाही. अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास भरतीला उधाण येते, हे आपल्या कोळी-भोई बांधवांना कुणी शिकवावे लागत नाही. आपल्याला पौर्णिमा म्हटली की वंदना आठवते. पण पावसाळ्यातली पौर्णिमा आली की नदीकाठच्या माणसाने वंदनेबरोबर नदीकडेही बघितले पाहिजे.

या जिल्ह्याने गेल्या वीस वर्षांत काय काय सोसले ते आठवा. २००५ च्या जुलैमध्ये, २५ आणि २६ तारखेच्या त्या पावसात, महाड तालुक्यात जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते या गावांवर दरडी आल्या आणि दीडशेहून अधिक माणसे गेली. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा इंग्रजांच्या काळातला पूल वाहून गेला, त्याबरोबर प्रवाशांसह दोन एसटी गाड्या गेल्या. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ आपल्याच किनाऱ्यावर चढले. श्रीवर्धन, मुरूड, अलिबागकडच्या नारळी-पोफळीच्या वाड्या झोपल्या आणि त्यात वरून कोरोनाची टाळेबंदी. २२ जुलै २०२१ ला महाड पाण्यात बुडाले आणि त्याच दिवशी तळीये गावावर दरड आली; तिथे ऐंशीहून अधिक जीव गेले. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडी डोंगराखाली गेली.

ही यादी मी तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. या प्रत्येक वेळी पहिल्यांदा कोण धावले, ते बघा. सावित्रीचा पूल पडला तेव्हा पुलाजवळच्या गॅरेजमध्ये काम करणाऱ्या एका साध्या माणसाने अंधारात रस्त्यावर येऊन मागच्या गाड्या थांबवल्या. तो नसता तर आणखी किती गाड्या नदीत गेल्या असत्या, कोण सांगणार? इर्शाळवाडीला रस्ता नव्हता, यंत्रे वर जात नव्हती. खोपोलीकडची डोंगर चढणारी आणि हायवेवर अपघातात धावून जाणारी तरुण पोरे भर पावसात, रात्री, पायवाटेने वर गेली. सरकारी मदत येते, मोठी येते, ती यायलाच पाहिजे आणि तो आपला हक्क आहे. पण पहिले काही तास माणसाला माणूसच असतो, आणि तोही जवळचा.

आता मी तुम्हाला आपल्याच वस्तीतली गोष्ट सांगते. तुमच्यापैकी पुष्कळांना ती ठाऊक आहे, पण आपण ती उघडपणे कधी बोललो नाही.

२०२१ च्या जुलैत आपण वर्षावासाची तयारी करत होतो. आषाढी पौर्णिमा २४ तारखेला, शनिवारी होती. २१ तारखेला महिला मंडळाने विहार धुतला, पताका लावल्या. २२ ला पाणी आले. बघता बघता कमरेच्या वर चढले. आपण मिळतील ती पोरे-बाळे घेऊन विहाराच्या गच्चीवर गेलो. रात्रभर तिथे बसलो. दुसऱ्या दिवशी पाणी ओसरले आणि गुडघाभर चिखल मागे राहिला. आपल्या तरुणांनी फावडी घेतली आणि ते शहरात गेले. बाजारपेठेतला चिखल उपसला, दुकानदारांना मदत केली, दवाखान्यात गेले. मी इथे खाली टेबल मांडून बसले. पुराच्या पाण्यात उंदराची लघवी मिसळते, पायाला जखम असली की त्यातून लेप्टोचा ताप येतो, म्हणून डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या मी वाटत होते, पाणी उकळून प्या असे सांगत होते. त्या दोन दिवसांत आपल्या विहाराचे नाव सगळीकडे झाले. पेपरात फोटोसुद्धा आला.

२४ ला संध्याकाळी आपण चिखलातच सतरंजी टाकून पौर्णिमेची वंदना घेतली. त्रिशरण-पंचशील झाले. आणि एका लहान मुलीने आईला विचारले, “आई, दिवा लावणारी आजी कुठाय?”

आपल्या वंदनेला रोज मेणबत्ती लावणारी ती आजी, जिची जागा त्या खांबाजवळ ठरलेली होती, ती जागा रिकामी होती. तिचे घर विहाराच्या मागे, मोजून चाळीस पावलांवर. एकटी राहायची. मुलगा पूर्वीच गेलेला, सून माहेरी.

आम्ही धावलो. आजी घरातल्या माळ्यावर होती. पाणी चढताना शिडीवरून तिचा पाय सटकला होता, पाय सुजून भोपळा झाला होता, अंगात ताप. पागोळीखाली तपेली धरून दोन दिवस तिने पावसाचे पाणी पिऊन काढले होते. ब्लडप्रेशरच्या गोळ्या खाली डब्यात होत्या, त्या पाण्याबरोबर गेल्या. मी विचारले, “आजी, हाक का मारली नाही?” ती म्हणाली, “बाय, तुमी समदी कामात व्हतात. कशाला हाक मारायची?”

बंधू-भगिनींनो, त्या दोन दिवसांत मी तिच्या दारावरून दोनदा गेले होते. दोन्ही वेळा मला वाटले की आजी गच्चीवर असेल, कुणीतरी नेली असेल. प्रत्येकाला तसेच वाटले. कुणी वाईट नव्हते, कुणी आळशी नव्हते, उलट सगळे राबत होते. पण ‘कुणीतरी’ नावाचा माणूस आपल्या वस्तीत राहत नाही, हे कुणाच्या ध्यानात आले नाही.

आजी त्या वेळी वाचली. पुढे दीड वर्ष जगली, दिवा लावत राहिली. पण तिचे ते वाक्य माझ्या मनातून गेले नाही. ज्याला मदतीची सगळ्यात जास्त गरज असते, तो बहुधा हाक मारत नाही. त्याला संकोच असतो, किंवा आवाज पोहोचत नाही, किंवा आजवर हाक मारून काही मिळाले नाही असा त्याचा अनुभव असतो. आपली सेवा हाकेवर चालली, तर ती मोठ्या आवाजाच्या माणसाकडेच जाणार.

विनयपिटकातील महावग्गात एक प्रसंग आहे. एक भिक्खू अतिसाराने आजारी होता, आपल्याच घाणीत पडून होता. तथागत भगवान बुद्ध आनंदांसह विहारात फिरत असताना त्यांच्या नजरेस तो पडला. त्यांनी विचारले की तुझी शुश्रूषा कोण करतो? तो म्हणाला, कुणी नाही. मी संघातल्या इतरांच्या उपयोगी पडलो नाही, म्हणून कुणी माझ्याकडे येत नाही. भगवंतांनी आनंदांकरवी पाणी आणवले. स्वतः पाणी घातले, आनंदांनी त्याला धुतले, आणि दोघांनी मिळून त्याला उचलून मंचावर ठेवले. मग सगळ्या भिक्खूंना बोलावून त्यांनी समजावले की, तुम्ही आई-बाप मागे सोडून आलात. आता तुम्हीच एकमेकांना बघितले नाही तर कोण बघणार? माझी सेवा करायची इच्छा असेल त्याने आजाऱ्याची सेवा करावी, असा त्या उपदेशाचा आशय आहे.

हा प्रसंग विहाराच्या आत घडला, हे मी मुद्दाम सांगते. चांगल्या माणसांच्या मधोमध, धम्माचा अभ्यास करणाऱ्यांच्या शेजारी तो भिक्खू पडून होता. आपलेही तेच झाले होते.

मग सेवा कशी करावी? सिगालोवाद सुत्तात माणसांना एकत्र बांधून ठेवणाऱ्या चार गोष्टी सांगितल्या आहेत. त्यांना संग्रहवस्तू म्हणतात. दान, प्रियवचन, अर्थचर्या आणि समानात्मता. रथाचे चाक निखळू न देणाऱ्या खिळीसारख्या त्या आहेत. त्या पाठ करणे सोपे आहे. मी त्या चिखलात उभे राहून कशा दिसतात तेवढे सांगते.

पहिले दान. दान म्हटले की आपल्याला श्रीमंत माणूस आठवतो. आपल्याच जिल्ह्यात मांदाडजवळ कुड्याची लेणी आहेत. तिथल्या शिलालेखांत दात्यांची नावे आहेत. त्यांत माळी आहे, लोखंडाचा व्यापारी आहे, वैद्य आहे. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी या खाडीकाठी, ज्याला जे जमले ते त्याने दिले, कुणी लेणे तर कुणी शेत. तेव्हा दान देण्याची आपली परंपरा जुनी आहे. पण काय द्यायचे, हे घेणाऱ्याकडे बघून ठरते. २०२१ ला बाहेरून आपल्याकडे कपड्यांचे गठ्ठे आले. देणाऱ्यांचे मन मोठे होते, त्यांचे उपकार आहेतच. पण त्यांत फाटके कोट होते, जरीच्या साड्या होत्या, एक एक पायाचा बूट होता. ते गठ्ठे पुढे चिखलात कुजले. आणि आपल्या बायका मात्र दोन दिवस ओल्या परकरात होत्या, कारण आतले कपडे आणि पॅड पाठवावेत हे कुणा पुरुषाला सुचले नव्हते आणि ते मागायला बायकांना लाज वाटत होती. म्हणून सामानाची यादी करताना तिथे बाई हवी. आणि ज्यांच्यासाठी सामान आहे, त्यांच्यातली बाई हवी.

दुसरे प्रियवचन. म्हणजे गोड बोलणे एवढेच नाही. हातात तांदळाची पिशवी देताना मोबाइल पुढे करून फोटो काढणे, हे कितीही गोड बोलून केले तरी कडूच असते. ज्या माणसाचे घर गेले त्याचा चेहरा आपल्या कार्याच्या जाहिरातीसाठी नसतो. रांगेत उभे करून “तुमचं नाव यादीत नाही” असे चारचौघांत ओरडणे, हेही तसेच. आपल्या आजा-पणजांना लांबून, वरून, न शिवता दिले जात होते. तसल्या देण्याची चव आपल्याला ठाऊक आहे. ती चव आपण दुसऱ्याला देऊ नये.

तिसरी अर्थचर्या. समोरच्याच्या खऱ्या हिताचे काम करणे. ते बहुतेक वेळा दिसायला साधे आणि कंटाळवाणे असते. पूर ओसरल्यावर तलाठी पंचनाम्याला येतो. घर कोणाच्या नावावर, रेशनकार्ड कुठे, आधारकार्ड कुठे, बँकेचे पासबुक कुठे? ते तर वाहून गेलेले असते. मग ज्याची कागदपत्रे वरच्या मजल्यावर होती त्याचे नाव लागते आणि ज्याचे एकच खोलीचे घर होते त्याचे राहते. अशा वेळी अर्ज लिहून देणारा, तहसील कचेरीत बरोबर जाणारा, दुसऱ्या खेपेलाही जाणारा मुलगा, हा चिखल उपसणाऱ्या मुलाइतकाच मोठा स्वयंसेवक आहे.

ही वाट आपल्याला महाडनेच दाखवली आहे. रामचंद्र बाबाजी मोरे हे दासगाव-महाड भागातले कार्यकर्ते. महाडच्या बाजारात खेड्यापाड्यांतून आलेल्या आपल्या लोकांना प्यायला पाणी मिळत नसे. तिथे आपल्या लोकांसाठी चहाचे दुकान निघाले आणि मोऱ्यांसारखा शिकलेला तरुण तिथे बसून लोकांची गाऱ्हाणी ऐके, अर्ज-पत्रे लिहून देई. त्या साध्या जागेत माणसे जमली, बोलू लागली. मग १९ आणि २० मार्च १९२७ ला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली आणि परमपूज्य बाबासाहेबांच्या मागून आपली माणसे चवदार तळ्यावर गेली. त्या परिषदेसाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले होते. ज्या गावात तळे भरलेले, त्या गावात पाणी विकत! त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बाबासाहेब मुंबईहून बोटीने दासगावच्या बंदरात उतरले आणि तिथून महाडला गेले. त्या परिषदेसाठी धान्यसामान आधीच जमवून ठेवावे लागले, कारण बाजारात आपल्याला कोणी माल देणार नव्हते. मंडपाला जागा मिळेना, ती फत्तेखान या मुसलमान गृहस्थांनी दिली.

आपण दरवर्षी महाडला जातो, क्रांतिस्तंभाला वंदन करतो. पण त्या हजारो माणसांना पाणी कोणी पाजले, भाकरी कोणी भाजल्या, धान्याचा हिशेब कोणी ठेवला, याचा विचार करतो का? त्यांची बहुतेकांची नावे कुठल्याच दगडावर नाहीत. क्रांतीच्या मागे एक वही असते, एक चूल असते आणि वेळेवर हजर राहणारी माणसे असतात. बाबासाहेबांनी आपल्याला संघटित व्हा म्हणून सांगितले. संघटना म्हणजे मोर्चाच्या दिवशीची गर्दी नव्हे. मोर्चा नसेल त्या दिवशी कोण कुणाच्या घरी जातो, त्यावरून संघटना कळते.

चौथी समानात्मता. ही मला सगळ्यात अवघड वाटते. समोरच्याला आपल्याबरोबरीचा समजणे. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर मदत छावण्यांत दलित कुटुंबांना वेगळे वागवले गेले, अशा तक्रारी नोंदल्या गेल्या. समुद्र सगळ्यांवर सारखा चढला, पण मदत जात बघून वाटली गेली. हे ऐकून आपले रक्त तापते, तापलेच पाहिजे. पण आता आपल्याकडे बघू. ओढ्यापलीकडे कातकरीवाडी आहे. २०२१ ला आपल्याकडे आलेले तांदूळ तिथे चौथ्या दिवशी गेले. का? कारण ते आपल्या यादीत नव्हते. मागच्या महिन्याच्या सभेत हा विषय निघाला तेव्हा आपलेच काही सभासद म्हणाले, “बाई, ते विहाराची वर्गणी देत नाहीत.” मी त्यांचा राग धरत नाही. वर्गणी जमवणे किती कठीण आहे हे मला माहीत आहे. पण मला एवढेच विचारायचे आहे, २३ तारखेला शेजारच्या मोहल्ल्यातून आपल्या गच्चीवर खिचडीची पातेली आली, तेव्हा त्यांनी आपल्याला वर्गणीची पावती विचारली होती का? आणि २० मार्च १९२७ ला महाडमध्ये आपल्या माणसांवर हल्ला झाला, तेव्हा मुसलमानांच्या घरांत काहींना आसरा मिळाला, त्यांना तिथे कुणी धर्म विचारला होता का?

तर मित्रहो, बोलणे पुष्कळ झाले. आता मी कामावर येते. विहार समितीने आणि महिला मंडळाने मिळून एक वही केली आहे. साधी, दोनशे पानी. ती वही मी आज तुमच्यापुढे मांडते आहे.

वस्तीतल्या दर दहा घरांमागे एक जोडी नेमायची. एक बाई आणि एक तरुण. कातकरीवाडीसाठीही जोडी आहे आणि तिच्यातली बाई वाडीचीच आहे. प्रत्येक घरापुढे वहीत चार गोष्टी लिहायच्या. घरात एकटे कोण राहते? अंथरुणाला कोण खिळले आहे किंवा कोणाला चालता येत नाही? गरोदर किंवा ओली बाळंतीण कोण आहे? रोजच्या गोळ्या कोणाला लागतात, साखरेच्या, ब्लडप्रेशरच्या, फिटच्या? शेवटच्या पानांवर दुसरी यादी. पोहता कोणाला येते? होडी कोणाकडे, लांब दोर कोणाकडे, मोठे पातेले कोणाकडे, गाडी कोणाकडे, पक्की गच्ची कोणाकडे? बघा, पहिल्या यादीतला माणूसही दुसऱ्या यादीत असू शकतो. त्या आजीच्या घरी वस्तीतले सगळ्यात मोठे पातेले होते. म्हणजे घेणारे वेगळे आणि देणारे वेगळे, असे नसते.

ही माहिती घरातल्या माणसाला विचारून, त्याची हरकत नसेल तरच लिहायची. वही दोन जबाबदार बायकांकडे राहील. तिचे फोटो काढून मोबाइलवर फिरवायचे नाहीत. कुणाच्या आजारपणाची चर्चा नळावर झाली, तर पुढच्या वेळी कोणी खरे सांगणार नाही, हे मी नोकरीत शिकले.

पाणी चढायला लागले की जोडीने आधी आपल्या दहा घरांची हजेरी घ्यायची. डोळ्यांनी माणूस बघायचा. ‘असेल गच्चीवर’ हे उत्तर चालणार नाही. दहाच्या दहा घरांपुढे खूण झाली की मग खुशाल बाजारात जा, शहरात जा, तळीयेसारख्या गावी जा. जवळचे आधी म्हणजे दूरचे नको असे नाही. पण चाळीस पावलांवरचे सोडून चाळीस किलोमीटरवर जाऊ नका.

तरुणांना आणखी एक सांगते. अंगात हिंमत आहे म्हणून वाहत्या पाण्यात उडी घेऊ नका. पुरात उघडी गटारे दिसत नाहीत, तारा पडलेल्या असतात. दोर बांधल्याशिवाय, दुसऱ्याला सांगितल्याशिवाय पाण्यात जायचे नाही. सरकारच्या ‘आपदा मित्र’ योजनेत स्वयंसेवकांना शोध-बचावाचे आणि प्रथमोपचाराचे शिक्षण दिले गेले आहे. असे शिबिर कधी आहे याची तहसील कचेरीत जाऊन चौकशी करा, नावे द्या. अँब्युलन्सचा १०८ नंबर प्रत्येक घरात भिंतीवर लिहून ठेवा, मोबाइल भिजला तरी भिंत राहते.

घरोघरी करायच्या गोष्टी अगदी थोड्या. पावसाळ्यापूर्वी रेशनकार्ड, आधार, पासबुक, जातीचा दाखला, सगळे जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उंचावर ठेवायचे. त्याच पिशवीत आठवड्याच्या गोळ्या. पूर ओसरल्यावर विहिरीचे पाणी टीसीएल टाकल्याशिवाय वापरायचे नाही, आणि प्यायचे पाणी उकळूनच. जुलाब लागले आणि ओआरएसची पुडी हाताशी नसली तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने. ताप आला, अंग दुखू लागले, डोळे लाल झाले तर घरी दडवून ठेवायचे नाही, लेप्टोची तपासणी करायची.

पैशाचे बोलायला हवे. प्रत्येक घराने महिन्याला वीस रुपये द्यावेत असे ठरले आहे. ज्याला जमणार नाही त्याने वेळ द्यावा, तोही जमेस धरू. हिशेब दर महिन्याला फळ्यावर लागेल, पैशा-पैशाचा. सेवेच्या कामाला कीड लागते ती बहुतेक वेळा न सांगितलेल्या हिशेबातून लागते.

आणि ही वही वर्षातून एकदा सर्वांसमोर निघेल. कधी? आषाढी पौर्णिमेला. वर्षावास म्हणजे पावसाळ्याचे तीन महिने भिक्खूंनी फिरती थांबवून एका जागी राहायचे, कारण पावसात फिरल्याने उगवते कोंब आणि बारीक जीव पायाखाली तुडवले जातात, अशी लोकांची तक्रार भगवंतांनी ऐकली. म्हणजे वर्षावासाच्या मुळाशीच दुसऱ्याचा जीव जपणे आहे. आपल्या कोकणात हेच तीन महिने पुराचे आणि दरडीचे. तेव्हा आषाढी पौर्णिमेला वंदना झाली की सगळ्या जोड्या उभ्या राहतील आणि आपल्या दहा घरांची हजेरी झाली, असे संघापुढे सांगतील. घरातल्या आजाराची नावे वाचायची नाहीत, फक्त घर बघितले एवढे सांगायचे. मग वर्षावासभर दर रविवारी जोडीने आपल्या घरांवरून एक फेरी मारायची. जेवायला नाही, चहालाही नाही, नुसते दारात उभे राहून “सगळी बरी आहात ना?” एवढेच विचारायचे. अश्विन पौर्णिमेला वर्षावास संपेल तोपर्यंत बारा-तेरा फेऱ्या होतील. कुणाच्या दारात बारा वेळा कुणी विचारायला गेले, तर तेराव्या वेळी ती म्हातारी स्वतःहून हाक मारील. सवय दोघांनाही लागावी लागते, जाणाऱ्याला आणि हाक मारणाऱ्यालाही.

काही जण म्हणतील, बाई, एवढ्याशा वहीने पूर थांबणार आहे का? नाही थांबणार. दरड थांबणार नाही, वादळ वळणार नाही. डोंगर का पोखरले जातात, नदीत भर का पडते, धोक्यातल्या वाड्यांचे पुनर्वसन वेळेवर का होत नाही, हे प्रश्न सरकारला विचारायचेच आहेत आणि ते विचारायला संघटनाच लागते. पण पाणी ओसरल्यावर तिसऱ्या दिवशी माळ्यावर माणूस सापडावा, ही गोष्ट थांबवता येते. तेवढी आपल्या हातात आहे.

वही तिथे बुद्धमूर्तीच्या शेजारी टेबलावर ठेवली आहे. अजून अकरा जोड्या कमी आहेत. भोजनदानाला बसण्यापूर्वी नाव लिहून या. बायकांनी नवऱ्याला विचारायला थांबू नये, आणि पोरांनी मित्र लिहितोय का ते बघत बसू नये. पहिल्या दहा घरांत माझे नाव आहे. ती विहाराच्या मागची घरे आहेत. आजीचे घर आता बंद असते, तरी मी ते मोजले आहे.



नमो बुद्धाय! जयभीम!